जन्मराशीतून लोलिता पोशाख कसा रचावा : नवोदितांसाठी मार्गदर्शन

लोलिता फॅशनकडे, म्हणजे झालरी, लेस आणि फुगीर घेराच्या जपानी पोशाखशैलीकडे, नव्याने वळलेल्या व्यक्तीला पहिला प्रश्न पडतो तो काय विकत घ्यावे हा, आणि त्यापाठोपाठ दुसरा येतो तो या सगळ्यात माझे स्वतःचे असे काय असेल हा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी एखाद्या फुलात शोधते, कोणी मिठाईत, कोणी परीकथेत. जन्मरास हे त्यांतलेच एक सोयीचे उत्तर आहे, कारण राशीबरोबर एक प्राणी किंवा वस्तू, एक तारकासमूह, एक तत्त्व, एक स्वामी ग्रह आणि त्या ग्रहाचे रत्न एवढा ऐवज आयता हाती येतो. मात्र हा सारा ऐवज एकाच पोशाखावर लादला, की तो लोलिता पोशाख न राहता रंगमंचावरची वेशभूषा होऊन बसतो. त्यामुळे राशीतले काय घ्यावे यापेक्षा काय सोडून द्यावे, याचाच विचार पुढील प्रत्येक पायरीवर अधिक करावा लागतो.

पहिली पायरी : पोशाखाचा साचा ओळखणे

राशीचा विचार बाजूला ठेवून आधी साचा पक्का करावा. ही शैली टोकियोच्या हाराजुकू भागात रुजली. १९७०च्या दशकात सुरू झालेल्या 'मिल्क' आणि 'पिंक हाऊस' यांसारख्या ब्रँडनी झालरी आणि लेसने भरलेल्या मुलायम पोशाखांची आवड निर्माण केली. १९८८ मध्ये 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट' सुरू झाला. पुढे 'अँजेलिक प्रिटी', ओसाकाचे 'मेटामॉर्फोझ' आणि 'इनोसंट वर्ल्ड' यांनी आपापली वळणे दिली, आणि संगीतकार माना यांनी १९९९ मध्ये 'म्वा-मेम-म्वातिए' काढून काळ्या, गॉथिक वळणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने 'कावाई', म्हणजे गोंडसपणाच्या, संस्कृतीच्या तीन दूतांची नेमणूक केली, त्यांपैकी मिसाको आओकी या लोलिता पोशाखाचे प्रतिनिधित्व करीत होत्या. 'लोलिता' या कादंबरीमुळे शैलीच्या नावावरून भलते अर्थ काढणारे लोक भेटतात, परंतु गळ्यापर्यंत बंद ब्लाऊज, गुडघ्यापर्यंतचा घेर आणि पायमोजे असा हा अंगभर पोशाख मुख्यत्वे स्त्रियांनी स्वतःच्या आनंदासाठी घडवलेला आहे.

साच्याचा कणा म्हणजे गुडघ्याशी येणारा, घंटेच्या आकाराचा घेर. मुख्य वस्त्र तीनपैकी एक असते : बिनबाह्यांचा झगा, ज्याला या वर्तुळात 'जेएसके' म्हणतात आणि ज्याच्या आत ब्लाऊज घालतात, बाह्यांसह शिवलेला झगा, म्हणजे 'ओपी', किंवा नुसता स्कर्ट. आत फुगीर पेटीकोट आणि त्याखाली ब्लूमर, म्हणजे ढगळ, झालरीची चड्डी, डोक्यावर बो (रिबिनीची फुलपाखरी गाठ), बेरेट (चपटी गोल टोपी), बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) किंवा तत्सम काही, पायांत गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि बोथट टोकाचे बूट असतात. या सगळ्यांच्या जुळणीला 'कोऑर्ड' म्हणतात. पेटीकोट फुगला नाही तर वरचे सगळे व्यर्थ जाते. पहिल्या खरेदीत महागड्या झग्याऐवजी चांगल्या पेटीकोटवर खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी पायरी : आपली रास कोणती, हे ठरवणे

जपानी किंवा युरोपीय वाचकाला ही पायरी लागत नाही, आपल्याला लागते. जपानमध्ये सकाळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत सांगितले जाणारे बारा राशींचे भविष्य पाश्चात्त्य पद्धतीचे, म्हणजे जन्मतारखेवरून ठरणाऱ्या सूर्यराशीचे असते, आणि लोलिता पोशाखांवर राशी येतात त्याही याच. आपल्याकडे 'तुझी रास कोणती' असे विचारले, की उत्तर चंद्रराशीचे मिळते. शिवाय पाश्चात्त्य गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आणि आपली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली, असल्यामुळे दोहोंत सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. त्यामुळेच पाश्चात्त्य पद्धतीत सूर्य २१-२२ डिसेंबरला मकरेत जातो आणि आपली मकरसंक्रांत मात्र १४-१५ जानेवारीला येते. ५ नोव्हेंबरला जन्मलेली व्यक्ती पाश्चात्त्य हिशेबाने वृश्चिकेची ठरते. निरयन हिशेबाने तिचा सूर्य तुळेत असतो. आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलत असल्यामुळे तिची पत्रिकेतील रास बारांपैकी कोणतीही असू शकते.

यांतील कोणती घ्यावी, याबद्दल या छंदात कोणताही नियम नाही. परदेशी मैत्रिणींना पाहताक्षणी कळावे असे वाटत असेल तर सूर्यरास घ्यावी. पत्रिकेतील चंद्ररास घेतल्यास एक जादा लाभ होतो, तो म्हणजे जन्मनक्षत्र. त्याचा उपयोग पुढे तारकासमूह भरताना येईल. मात्र एका कोऑर्डमध्ये एकच रास ठेवावी. सूर्यराशीचा सिंह गळ्यात आणि चंद्रराशीचे मासे स्कर्टवर, अशी सरमिसळ पाहणाऱ्याला प्राण्यांचे दुकान वाटते.

तिसरी पायरी : शैली आधी, रास नंतर

गोड रंगांची 'स्वीट', संयत आणि जुन्या युरोपीय वळणाची 'क्लासिक' व काळोखी 'गॉथिक' या लोलिताच्या तीन मुख्य शाखा आहेत. त्यांच्याभोवती सेलर, कंट्री, पायरेट, किमोनोच्या वळणाची 'वा' अशा अनेक उपशाखा आहेत. नवोदितांची सर्वसाधारण चूक अशी, की 'वृश्चिक म्हणजे गॉथिक' आणि 'मीन म्हणजे फिकट निळा' असे ठरवून शैली राशीच्या गळ्यात बांधली जाते. ज्या व्यक्तीला काळा रंग मनापासून आवडत नाही, तिने केवळ राशीसाठी काळा झगा घेतला तर तो दोनदा घातला जाऊन कपाटात पडतो. म्हणून जी शैली एरवीही आवडीने घातली असती ती निवडावी, आणि त्या शैलीच्या भाषेत आपली रास कशी बोलेल याचा शोध घ्यावा. वृषभ रास स्वीटमध्ये गाईच्या ठिपक्यांनी आणि दुधाच्या बाटल्यांनी येते, कंट्रीमध्ये कुरणातल्या फुलांनी आणि गवती हॅटने येते, आणि क्लासिकमध्ये तर केवळ शुक्राच्या गुलाबांनी आणि कृत्तिकेच्या पुंजक्यासारख्या मोत्यांच्या ब्रोचने येऊ शकते. तिन्ही ठिकाणी रास तीच असते.

राशीतून घेण्याजोगे साहित्य दोन प्रकारचे असते. प्राणी किंवा वस्तू, चिन्ह आणि तारकासमूह उघड दिसतात. तत्त्व, ग्रह आणि रत्न रंगातून व पोतातून डोकावतात. आपल्याकडच्या नवरत्नांची परंपरा इथे फार उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे रंगांची निवड मनमानी राहत नाही. मेष आणि वृश्चिकेचा स्वामी मंगळ, त्याचे पोवळे; वृषभ आणि तुळेचा शुक्र, त्याचा हिरा; मिथुन आणि कन्येचा बुध, त्याची पाचू; कर्केचा चंद्र, त्याचा मोती; सिंहेचा रवी, त्याचे माणिक; धनू आणि मीनेचा गुरू, त्याचा पुष्कराज; मकर आणि कुंभेचा शनी, त्याचा नीलम. अर्थात खरी रत्ने वापरण्याचे काहीच कारण नाही. त्या रंगाचे काचेचे मणी, साटीनच्या रिबिनी आणि एनॅमलची बटणे पुरेशी आहेत.

चौथी पायरी : एक ठळक स्थान, दोन दबके उल्लेख

माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयुक्त नियम असा : राशीचा उघड उल्लेख पोशाखात एकाच ठिकाणी असावा, आणि त्याला साथ देणारे दोन, फार तर तीन उल्लेख असे असावेत की ते सांगितल्याशिवाय कळू नयेत. झग्याच्या कापडावरच राशी छापलेल्या असतील तर ठळक स्थान ठरून गेले. मग ब्लाऊज, मोजे आणि बूट साधे ठेवावेत आणि त्यांचे रंग त्या छपाईतूनच उचलावेत. 'अँजेलिक प्रिटी'च्या 'मिल्की प्लॅनेट' किंवा 'कॉस्मिक' यांसारख्या ग्रहताऱ्यांच्या छपाया राशीच्या कोऑर्डसाठी चांगली पार्श्वभूमी ठरतात, कारण त्यांत आकाश असते, परंतु विशिष्ट रास आपण बाहेरून आणू शकतो. झगा साधा असेल तर उलट करावे आणि ठळक स्थान डोक्यावर किंवा छातीशी द्यावे. हँडबॅग हे स्थान टाळावे. छायाचित्र काढताना ती नेमकी बाजूला ठेवली जाते.

रंगाचे गणित वेगळे सांभाळावे लागते. मुख्य रंग एक, त्याला पांढरा, हस्तिदंती किंवा काळा यांपैकी एक जोड, आणि राशीचा रंग केवळ ठिणगीपुरता. ही ठिणगी डोके, कंबर आणि पाय अशा तीन उंचींवर एकेकदा दिसली की पोशाख बांधलेला वाटतो. ब्लाऊजचा हस्तिदंती रंग आणि मोज्यांचा शुभ्र पांढरा यांतला फरक दुकानात जाणवत नाही, परंतु दिवसाच्या उजेडात तो फार खटकतो. लेससुद्धा दोन्ही छटांत मिळते, म्हणून खरेदीला जाताना ब्लाऊजच्या कापडाचा तुकडा जवळ ठेवावा.

पाचवी पायरी : वृश्चिकेचे उदाहरण, प्रत्यक्ष कृतीसह

वृश्चिक हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण विंचू हा लोलिताच्या सौंदर्यकल्पनेत सहजासहजी न बसणारा प्राणी आहे. प्लास्टिकचा मोठा विंचू केसांत खोचणे किंवा विंचू छापलेले मोजे घालणे हा सोपा मार्ग आहे आणि तो बहुतेक वेळा फसतो. विंचवाचा तारकासमूह मात्र आकाशातील अत्यंत देखण्या आकृत्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रातून मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिले तर अनुराधेचे तीन तारे, त्यांच्या खाली तांबूस ज्येष्ठा, आणि तिथून डावीकडे उतरत जाऊन आकड्यासारखी वळलेली शेपटी, मूळ नक्षत्रापर्यंत, सबंध दिसते. टोकियोहून ही शेपटी क्षितिजाच्या बरीच जवळ राहते, तेव्हा या बाबतीत आपली बाजू सरस आहे.

कोऑर्ड असा रचता येईल. गडद वाइन रंगाचा, कोणतीही छपाई नसलेला क्लासिक वळणाचा जेएसके. आत हस्तिदंती रंगाचा उभ्या कॉलरचा ब्लाऊज. काळे मोजे आणि काळे बूट. आणि डोक्यावर काळ्या मखमलीची बेरेट, जिच्यावर वृश्चिक तारकासमूह भरलेला आहे. हे झाले ठळक स्थान. पहिला दबका उल्लेख पाठीवर : अनेक जेएसकेंच्या पाठीला रिबिनीची आडवी गुंफण असते, तिच्यात पोवळ्याच्या रंगाची अरुंद रिबीन ओवावी, म्हणजे ती मणक्यावरून उतरणाऱ्या पेरापेरांच्या शेपटीची आठवण देते. दुसरा उल्लेख बुटांवर : पट्ट्याच्या बटणाजागी त्याच लाल छटेचे लहान बटण. याहून अधिक काही करू नये.

आता बेरेट. तयार बेरेटवर भरणे शक्य आहे, तथापि अस्तर असल्यास ते एका बाजूने उसवून घ्यावे लागते, कारण मण्यांच्या गाठी अस्तराच्या आत लपल्या पाहिजेत. प्रथम बेरेट डोक्यावर जशी घालणार तशी, म्हणजे एका बाजूला कलती ठेवून, आरशासमोर उभे राहावे आणि समोरून जेवढा भाग दिसतो तेवढ्यावर खडूने खूण करावी. हा भाग चंद्रकोरीसारखा आणि अपेक्षेपेक्षा पुष्कळच लहान निघतो. बेरेटच्या मध्यभागी भरलेली आकृती केवळ उंच माणसांनाच दिसते. आकृतीची लांबी १० ते १२ सेंटिमीटर ठेवावी आणि तिचा कल काठाशी समांतर ठेवावा, म्हणजे शेपटीचा आकडा कानाच्या वर येतो.

मखमलीवर पेन्सिल उमटत नाही आणि कार्बनचा कागद लव चिरडतो. त्याऐवजी पातळ ट्रेसिंग पेपरवर पंधरा ताऱ्यांची आकृती काढावी : पंजांचे तीन, त्यांच्यामागे ज्येष्ठा आणि तिच्या दोन बाजूंचे दोन, आणि उरलेले नऊ शेपटीचे. कागद मखमलीवर ठेवून कडेने कच्ची टीप घालावी आणि कागदासकट भरावे. काम झाल्यावर कागद ओला न करता फाडून काढता येतो. मखमलीच्या मागे शिंपी ज्याला पेस्टिंग म्हणतात ते पातळ कापड लावून घ्यावे, नाहीतर मण्यांच्या वजनाने कापड ओघळते. इस्त्री मात्र उलट बाजूने आणि खाली टॉवेल घालूनच करावी.

ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा आधी भराव्यात. चंदेरी धाग्याची एकच दोरी घेऊन उलटी टीप घालावी आणि प्रत्येक ताऱ्याच्या जागेपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबावे, म्हणजे तारा रेषेला चिकटलेला न दिसता सुटा चमकतो. मग मणी. ज्येष्ठेसाठी सहा मिलिमीटरचा पोवळ्याच्या रंगाचा मणी, शेपटीच्या टोकाच्या तेजस्वी ताऱ्यासाठी चार मिलिमीटरचा पारदर्शक मणी, आणि बाकीच्यांसाठी दोन ते तीन मिलिमीटरचे चंदेरी मणी घ्यावेत. सगळे मणी एकाच आकाराचे घेतले तर आकाशाचा भास नाहीसा होतो आणि नुसती नक्षी उरते. ज्यांनी चंद्ररास घेतली आहे, त्यांनी आपल्या नक्षत्राला मान द्यावा : अनुराधा नक्षत्र असेल तर पंजांचे तीन मणी एक आकाराने वाढवावेत, ज्येष्ठा असेल तर तिच्याभोवती अगदी बारीक मण्यांचे कडे करावे. प्रत्येक मणी दुहेरी दोऱ्याने दोनदा ओवून मागे स्वतंत्र गाठ मारावी. सलग दोऱ्याने काम झटपट होते, परंतु एक मणी तुटला की शेजारचे चारही सुटतात.

हीच पद्धत अन्य राशींनाही चालते, मात्र सर्व तारकासमूह सारखे देखणे नाहीत. सिंहेचा विळा आणि त्याच्या मुठीशी असलेली मघा फार सुरेख भरता येते. मिथुनेतील पुनर्वसूचे दोन तारे आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या दोन समांतर ओळीही ओळखू येतात. कर्क आणि मेष मात्र इतके फिकट आणि अल्प ताऱ्यांचे आहेत, की त्यांची आकृती भरली तरी कोणाला काही बोध होत नाही. त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत.

बाकीच्या राशींसाठी सूचना

काही राशी लोलिता शैलीत आधीपासूनच नांदत आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे राशी म्हणून पाहत नाही. कुंभेचे चिन्ह पाणी ओतणारा घडा आहे आणि चहाच्या मेजवान्या हा तर या छंदाचा प्राण. चहाची किटली आणि कप यांच्या छपाया उदंड आहेत, त्यांतील ओतती किटली निवडली आणि तिला नीलम रंगाची रिबीन दिली की कुंभ रास तयार झाली. धनूचा धनुर्धर अर्धा घोडा आहे, आणि गोलगोल फिरणाऱ्या जत्रेतल्या घोड्यांच्या छपाया स्वीट शैलीत वारंवार येतात. केसांत एक लहानसा बाण खोचला की पुरे. मिथुनेला तर मैत्रिणीची जोड हवी : एकाच झग्याचे दोन रंग दोघींनी घालणे किंवा एकीचा पोशाख दुसरीच्या पोशाखाचे प्रतिबिंब करणे, ही 'ट्विन कोऑर्ड'ची रीत लोलितांमध्ये मुरलेली आहे. मेषेसाठी मेंढ्या स्वीट शैलीत आहेतच. अधिक सूक्ष्म मार्ग हवा असेल तर दोन्ही कानांवर केसांचे गुंडाळलेले अंबाडे शिंगांचे काम करतात. सिंहेला मुकुट आणि मानेभोवतीची भरगच्च लेस पुरते.

कन्या ही रास मला सर्वांत मोहक वाटते, आणि ती सर्वांत कमी वापरली जाते. पाश्चात्त्य चित्रांत कन्येच्या हाती धान्याचे कणीस असते आणि चित्रा नक्षत्राचा तारा नेमका त्या कणसावर मानला जातो. गवती हॅटच्या रिबिनीत सुकलेली गव्हाची दोन-तीन कणसे, हिरव्या बारीक चौकड्यांचा कंट्री झगा आणि एकच पारदर्शक मणी एवढ्यात ती पूर्ण होते. तुळेसाठी तागडीची प्रतिकृती गळ्यात घालण्याऐवजी पोशाख काटेकोर सममित ठेवावा. दोन वेण्या, दोन बो, दोन मनगटांवर समान कफ. मीनेच्या पारंपरिक चित्रातील दोन मासे एका दोरीने बांधलेले असतात, आणि लोलितात दोरीच्या जागी रिबीन आयतीच असते : कमरेच्या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन चंदेरी मासे लावावेत. कर्केचा खेकडा अवघड आहे, म्हणून त्याला सोडून चंद्राला धरावे. सेलर कॉलर, मोत्यांच्या सरी आणि शिंपल्याच्या आकाराची झालर यांतून पाणी आणि चंद्र दोन्ही येतात.

मकरेबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. पाश्चात्त्य मकर म्हणजे माशाच्या शेपटीचा बोकड. आपला मकर मगरीच्या जातीचा जलचर, जो मंदिरांच्या मकरतोरणाच्या दोन टोकांना बसलेला असतो. लोलिताचा अर्धचंद्राकृती हेडड्रेस डोक्यावर तोरणासारखाच बसतो, तेव्हा त्याच्या दोन टोकांना दोन मकर आणि मधल्या कमानीला लेसच्या पाकळ्या, ही रचना परदेशी लोलितांना न सुचणारी आणि आपल्याला सहज साधणारी आहे. मराठी घरांत काळा रंग आवर्जून घातला जातो तो संक्रांतीला, आणि त्यावर हलव्याचे पांढरे दागिने शोभतात. संपूर्ण काळ्या, म्हणजे 'कुरो' कोऑर्डवर हलव्यासारख्या काटेरी पांढऱ्या मण्यांचा चोकर, म्हणजे गळ्यालगतचा हार, ही मकरेची माझी आवडती कल्पना आहे. खरा हलवा मात्र मखमलीला चिकटतो आणि मुंग्या आणतो, म्हणून मणीच वापरावेत.

सहावी पायरी : खरेदी आणि शिंप्याशी बोलणे

जपानी ब्रँडचा नवा झगा ३०,००० येनच्या आसपास किंवा त्याहून अधिक किमतीला असतो आणि त्यावर टपालखर्च व सीमाशुल्क येते, त्यामुळे 'क्लोझेट चाइल्ड'सारखी जपानी जुन्या कपड्यांची दुकाने आणि 'लेस मार्केट' हे संकेतस्थळ यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. वर्णनात पाठीला इलॅस्टिकच्या चुण्या आहेत की नाहीत हे पाहावे. त्या नसतील तर छातीचे आणि कमरेचे माप तंतोतंत जुळावे लागते. ब्रँडच्या छपाईची नक्कल करून विकलेले झगे स्वस्त दिसतात, परंतु या वर्तुळात ते अप्रतिष्ठेचे मानले जातात.

शिंप्याकडून शिवून घेणे आपल्याकडे सुकर आहे. कापडासाठी मुंबईत मंगलदास मार्केट, लेस आणि मण्यांसाठी भुलेश्वर, पुण्यात तुळशीबाग ही ठिकाणे पुरेशी आहेत. शिंप्याला 'लोलिता' सांगून उपयोग नाही. गुडघ्यापर्यंतचा, कमरेशी भरपूर चुण्यांचा, खाली किमान अडीच ते तीन मीटर घेराचा, सुती अस्तराचा झगा असे सांगावे आणि छायाचित्र दाखवावे. पेटीकोटसाठी त्याला 'कॅनकॅन' हा शब्द लगेच कळतो, मात्र तो घागऱ्याचा, पायघोळ आणि खाली पसरणारा कॅनकॅन समजेल. आपल्याला झग्याहून पाच सेंटिमीटर आखूड, दोन किंवा तीन थरांचा आणि कमरेपासून थोडे खाली फुगायला लागणारा हवा आहे, हे कागदावर आकृती काढून दाखवावे. कडक नेट पायांना टोचते, म्हणून आतला थर सुती असावा. राशीचे भरतकाम शिंप्याकडे न देता स्वतः करावे किंवा आरी-जरदोसीच्या कारागिराकडे द्यावे. तारकासमूहाची आकृती उलटी भरली जाण्याचा संभव मोठा असतो, म्हणून आकृतीवर 'वर' आणि 'उजवीकडे' असे स्पष्ट लिहून द्यावे.

सातवी पायरी : घालणे आणि निगा

मुंबई किंवा कोकणातील दमट हवेत मखमल आणि तीन थरांचा पेटीकोट एप्रिल-मेमध्ये असह्य होतो. त्या दिवसांत ब्लाऊज सुती व्हॉइलचा, मोजे घोट्यापर्यंतचे आणि लेस लावलेले, आणि राशीचे भरतकाम बेरेटऐवजी सुती बोवर किंवा छत्रीच्या एका पाकळीवर असावे. मखमलीची वृश्चिक बेरेट नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखावी. पहिल्यांदा बाहेर पडताना मैत्रिणीसोबत आणि दिवसाउजेडी जावे. न विचारता छायाचित्र काढणाऱ्याला नम्रपणे नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे.

मण्यांचे भरतकाम यंत्रात धुऊ नये. डाग पडला तर ओल्या फडक्याने टिपावा, चोळू नये. पेटीकोट घडी न घालता टांगावा. पावसाळ्यात चंदेरी धागा आणि धातूचे मासे, बाण, मुकुट काळे पडतात, म्हणून जूनच्या आधी ते वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, आणि मखमलीची बेरेट आत कागदाचे बोळे भरून, भरतकामाची बाजू वर ठेवून सुती पिशवीत ठेवावी.